सुकाणू वर काढून ठेवलेलं जहाज : ‘फ्राम’, १८९३ ते १८९६

२२ सप्टेंबर १८९३ रोजी न्यू सायबेरियन बेटांच्या वायव्येला, ७८ अंश ५० मिनिटं उत्तर अक्षांशावर, ‘फ्राम’ हे नॉर्वेचं जहाज एका मोठ्या हिमखंडाला दोर बांधून थांबलं. पुढे वाट नव्हती. चार-दोन दिवसांत भोवतालचं पाणी गोठलं आणि जहाज जागच्या जागी जखडलं. मग खलाशांनी सुकाणू ओढून वर घेतलं. इंजिनाचा एकेक भाग सुटा करून पुसला, तेल लावून ठेवून दिला. खालच्या कोठारात सुताराचा बाक आला आणि लोहाराची भट्टीही लागली.

हा अपघात नव्हता. जहाज बर्फात अडकवायचं आणि वाहत्या बर्फाबरोबर उत्तर ध्रुवाकडे जायचं, हीच मोहिमेची योजना होती. जहाजावर तेरा माणसं आणि पाच वर्षांचं अन्न होतं. मोहिमेचा प्रमुख होता फ्रिट्यॉफ नान्सेन आणि कप्तान ओटो स्वेरड्रुप. या प्रकरणातला मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा: जहाज चालवताच येत नसेल तर नौकानयन म्हणून उरतं काय? शिडं गुंडाळलेली, सुकाणू वर, इंजिन सुटं. अशा जहाजाच्या कप्तानाने आणि खलाशांनी रोज सकाळी उठून करायचं काय?

भरवसा कशाचा होता

‘जॅनेट’ नावाचं अमेरिकन जहाज १८७९ मध्ये रँगेल बेटाच्या परिसरात बर्फात सापडलं होतं. दोन वर्षं बर्फाबरोबर भरकटून जून १८८१ मध्ये ते न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला चिरडलं गेलं. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. त्यांत जहाजाच्या कप्तानाच्या सहीची शिधायादी होती आणि एका खलाशाचं नाव घातलेली मेणकापडी विजारही होती. सायबेरियाजवळ बुडालेल्या जहाजावरची विजार ग्रीनलंडला पोचते, तर मधला बर्फ सगळा ध्रुवाकडच्या समुद्रातून वाहत आला असणार. नान्सेनने एवढाच धागा पकडला. तो प्रवाह आपल्यालाही नेईल, फक्त जहाज चिरडता कामा नये.

जहाज बांधलं लार्विकच्या कॉलिन आर्चरने. लांबी ३९ मीटर आणि रुंदी ११, म्हणजे नजरेला आखूड, फुगीर, काहीसं टोपलीसारखं. बाजूंच्या लाकडाची एकूण जाडी साधारण ७० सेंटीमीटर, वरून ग्रीनहार्ट या चिवट लाकडाचं कवच. पण जाडीपेक्षा आकार महत्त्वाचा होता. पोट गोल ठेवलं होतं आणि कणा जेमतेम बाहेर. दोन्हीकडून बर्फाने चेपलं की ओल्या साबणाची वडी मुठीतून निसटावी तसं जहाज वर उचललं जावं, हा हिशेब. खुल्या समुद्रात मात्र असं जहाज भयंकर डोलतं, आणि ते तसं डोललंही.

जाणकारांना ही योजना पटली नव्हती. अमेरिकेच्या ग्रीलीने तिला उघडउघड आत्मघाताची वाट म्हटलं. ग्रीली स्वतः आर्क्टिकमध्ये बहुतेक सहकारी गमावून परतला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

पहिली परीक्षा ९ ऑक्टोबरला झाली. दुपारचं जेवण उरकून मंडळी गप्पा मारत बसली होती. एकाएकी कान बधिर करणारा आवाज झाला आणि सगळं जहाज हादरलं. सगळे वर धावले. बर्फ दोन्हीकडून दाबत होता आणि फ्राम थोडी थोडी वर उचलली जात होती. त्या दिवसापासून आर्चरच्या गणितावर लोकांचा विश्वास बसला.

जहाज उलटं चाललंय

बर्फाच्या दाबापेक्षा मोठा धक्का आकड्यांनी दिला.

सिगुर्ड स्कॉट हान्सेन हा तरुण नौदल अधिकारी जहाजाचा ठावठिकाणा काढायचा. कोणाला हे काम कसं होतं याचा अंदाज हवा असेल तर आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मुंबईत रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १९ अंश वर दिसतो, कारण मुंबईचा अक्षांश तितकाच आहे. फ्रामवर तोच तारा ७८-७९ अंशांवर, म्हणजे मान पार मागे टाकल्यावर दिसणार. तारा किंवा सूर्य किती उंचीवर आहे हे मोजलं की अक्षांश मिळतो. बर्फ जवळजवळ स्थिर असल्याने थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, रोवून हे मोजमाप डोलणाऱ्या जहाजापेक्षा पुष्कळ नेमकं घेता यायचं. अडचण थंडीची होती. धातूला उघडं बोट चिकटायचं आणि भिंगावर स्वतःच्याच श्वासाचं बर्फ जमायचं.

हान्सेन आत येऊन गणित मांडायला बसला की मंडळी त्याच्याभोवती घोटाळत. उत्तरेकडे आकडा सरकला असेल तर त्या रात्री जहाजावर उत्साह. खाली आला असेल तर सगळे गप्प. १८९३ च्या शरद ऋतूत तो खालीच येत होता. वारे उत्तरेचे होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जहाज ७७ अंश ४३ मिनिटांपर्यंत दक्षिणेला आलं. दीड महिन्यात ध्रुवापासून सव्वाशे किलोमीटर लांब! ज्या प्रवाहावर तेरा जणांनी जीव टाकला होता तो आहे तरी का, अशी शंका यावी असे ते दिवस. नान्सेनच्या रोजनिशीत तेव्हाची घालमेल लपलेली नाही, आणि त्यामुळेच मला ती रोजनिशी विश्वासार्ह वाटते.

उत्तरेची दिशा ठरली ती १८९४ च्या जानेवारीत. ८० वा अक्षांश ओलांडला २२ मार्चला. तोवर जहाजाची वाट नकाशावर काढली तर सुताचा गुंता पडलेला दिसतो, पुढे-मागे, गोल गोल. पण गुंता नोंदवलेला होता म्हणूनच त्यातून काही हाती लागलं. बर्फ वाऱ्याच्या बरोबर दिशेने न जाता उजवीकडे २० ते ४० अंश वळून जातो, हे नान्सेनच्या लक्षात आलं. त्याने कारण पृथ्वीच्या परिवलनात शोधलं आणि पुढे व्हागन वाल्फ्रिड एकमनने त्याचं गणित मांडलं. आज समुद्रविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते शिकावं लागतं. भरकटण्याच्या वैतागातून निघालेली ही गोष्ट आहे.

रेखांशाचं काम वेगळं. त्यासाठी मूळ रेखावृत्तावरची वेळ हवी, आणि ती जपतं क्रोनोमीटर हे अचूक घड्याळ. घड्याळ चार मिनिटं चुकलं की एक अंश चुकतो. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, पण ८० व्या अक्षांशावर रेखावृत्तं एकमेकांजवळ आलेली असल्याने तीच चूक १९ किलोमीटरच्या आसपास राहते. तरीही महिन्यामागून महिने बंदर नाही, वेळ सांगणारी तोफ नाही, तारयंत्र नाही. मग घड्याळ बरोबर आहे हे सांगणार कोण? ६ एप्रिल १८९४ ला सूर्यग्रहण होतं. कोणत्या क्षणी चंद्र सूर्याच्या कडेला लागणार हे हान्सेनने आधी मांडून ठेवलं. ठरल्या वेळी दुर्बीण आणि थिओडोलाइट बर्फावर लावून नान्सेन, हान्सेन आणि त्यांचा सहकारी योहान्सेन उभे राहिले. गणिताने दिलेला क्षण आणि डोळ्यांनी पाहिलेला क्षण यांत फरक निघाला तो काही सेकंदांचा. घड्याळं शाबूत होती. सगळ्या मोहिमेत मला सर्वांत आवडणारा प्रसंग हाच आहे.

तळच लागेना

नान्सेनची समजूत होती की ध्रुवाकडचा समुद्र उथळ असावा. त्याच अंदाजाने खोली मोजायच्या दोऱ्या आणलेल्या होत्या. सुरुवातीला ते खरंही वाटलं. मग जहाज उत्तरेला सरकू लागलं तसा तळ एकदम खाली गेला. डिसेंबरमध्ये २००० मीटरहून जास्त दोरी सोडली तरी वजन टेकलं नाही. आणखी दोरीच नव्हती.

यावर त्यांनी केलेला उपाय असा. जहाजाचा एक पोलादी केबल बळी दिला. बर्फावर तो लांब पसरला, त्याचे पीळ उलगडले, तारा सुट्या केल्या, आणि दोन-दोन तारा पुन्हा एकत्र वळून बारीक दोर तयार केला. कडाक्याच्या थंडीत दिवसचे दिवस माणसं बर्फावर मागे-पुढे चालत दोर वळत होती. कोकणात वाडीत नारळाच्या सोडणाचा सुंभ वळताना पाहिला असेल त्याला ही हालचाल चटकन कळेल, फक्त इथे हातात पोलाद होतं. चार ते पाच हजार मीटर दोर तयार झाला आणि तळ लागला तो ३३०० ते ३९०० मीटरवर.

ध्रुवीय समुद्र खोल आहे, ही या मोहिमेने जगाला दिलेली पहिली पक्की माहिती. दुसरी त्याच दोराला बांधलेल्या थर्मामीटरने दिली. वरचं पाणी गोठणबिंदूशी टेकलेलं, पण दोन-अडीचशे मीटरखाली शून्याच्या वर तापमान असलेला, जास्त खारट पाण्याचा थर. ते पाणी अटलांटिकमधून आलेलं होतं. आज ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या ज्या सामुद्रधुनीतून ते शिरतं तिला फ्रामचंच नाव आहे. स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्ये गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या लोकांनी २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही उपकरणांची माळ पाण्यात सोडली. तिथे तापमान आणि क्षारता मोजताना अटलांटिकच्या त्याच पाण्याचा माग काढला जातो.

दिवस

आठ वाजता उठायचं. न्याहारीला पाव, चीज, डबाबंद मांस, माशांची गाबोळी. मग ज्याचं त्याने काम: कुत्र्यांना सोडायचं, वितळवायला बर्फ फोडून आणायचं, दोर, स्लेज, बूट, कपडे दुरुस्त करायचे. जेवण एक वाजता, रात्रीचं सहाला. तंबाखू ओढायची ती मुदपाकखान्यात, दिवाणखान्यात मनाई. नंतर पत्ते, पुस्तकं, किल्ली फिरवून वाजणारा ऑर्गन. डॉक्टर ब्लेसिंग जहाजाचं एक हस्तलिखित वर्तमानपत्र चालवायचा. मध्यरात्रीच्या सुमाराला निजानीज, आणि त्यानंतर पाळीपाळीने प्रत्येकाचा एकेक तासाचा पहारा. हवामानाच्या नोंदी दर चार तासांनी, रात्र असो की वादळ.

ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य मावळला तो चार महिन्यांसाठी. वरच्या बाजूला पवनचक्की उभारलेली होती आणि वारा सुटला की ती डायनॅमो फिरवायची. मग दिवाणखान्यात विजेचा प्रकाश पडायचा. १८९३ मध्ये युरोपातल्या कितीतरी घरांत वीज नव्हती, आणि इथे निर्मनुष्य अंधारात तेरा माणसं तिच्या उजेडात जेवत होती. वारा पडला की रॉकेलचे दिवे. भिंतींना डांबर लावलेलं फेल्ट, बूच, रेनडिअरचे केस, लाकूड असे एकावर एक थर होते. थंडी त्यांनी अडवलीच, शिवाय श्वासाची ओल भिंतीवर गोठून पुन्हा अंथरुणावर ठिबकण्याचा जुना त्रासही बराच आटोक्यात आणला. हिवाळी जहाजांवर माणसांना कुजवायची ती ही ओल.

स्कर्व्ही हा लांबच्या सफरींतला जुना रोग एकालाही झाला नाही. गंमत अशी की नान्सेनचा त्यावेळचा समज पूर्ण बरोबर नव्हता. मांस नीट टिकवलं नाही की त्यातलं विष बाधतं आणि स्कर्व्ही होतो, असं तेव्हा बरेच शास्त्रज्ञ मानत. जीवनसत्त्वांचा शोध पुढचा. पण शिधा विविध, चांगला आणि भरपूर भरला होता, लिंबाचा रस आणि क्लाउडबेरीचा मुरंबा होता, आणि मिळालं तेव्हा अस्वलाचं ताजं मांस होतं. डॉक्टर दर महिन्याला सगळ्यांची वजनं घ्यायचा. ती वाढत होती.

अस्वलाची एक हकिगत सांगायलाच हवी. डिसेंबर १८९३ मध्ये जहाजावरून कुत्री नाहीशी होऊ लागली. पेडर हेन्रिक्सेन आणि मोगस्टा हे खलाशी कंदील घेऊन काळोखात माग काढत निघाले. अस्वल समोरून आलं. पळताना पेडर मागे पडला आणि अस्वलाने त्याच्या कमरेला चावा घेतला. बंदूक जवळ नाही. त्याने हातातला कंदील उचलून अस्वलाच्या टाळक्यात घातला. कंदिलाचे तुकडे झाले, अस्वल क्षणभर बसलं आणि कुत्रं दिसताच तिकडे वळलं. पेडर जहाजावर चढला आणि मग बंदुका आल्या. त्याच सुमाराला क्विक नावाच्या कुत्रीला पिल्लं झाली, नेमकी तेरा, तारीखही तेरा. जहाजावरची माणसंही तेरा. या योगायोगाने सगळ्यांना केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करता येते. अशा जागी आनंदाला एवढंसं निमित्त पुरतं.

सगळंच गोड नव्हतं. तेच चेहरे, तीच खोली, तेच आवाज. नान्सेनचा स्वभाव वरचढपणाचा होता, तो दुसऱ्याच्या कामात डोकं घालायचा, आणि काहींच्या रोजनिशीत त्याबद्दलची कुरकुर आहे. स्वेरड्रुप कमी बोलणारा. माझ्या मते जहाजावरची शांतता मुख्यतः त्याने सांभाळली.

जानेवारी १८९५

आर्चरचं गणित एका गोष्टीवर उभं होतं: चेपलं की जहाज निसटून वर यायला हवं. पण दीड वर्षात ते जाड बर्फात पक्कं गोठून बसलं होतं. त्याच्या भोवतीचा बर्फ नऊ मीटरहून जाड निघाला. साबणाची वडी निसटते, मुठीला चिकटलेली वडी निसटत नाही. हा प्रश्न कागदावर कोणी सोडवला नव्हता.

३ जानेवारीला डाव्या बाजूने बर्फाचा उंच बांध जहाजाकडे सरकू लागला. शिधा, रॉकेल, स्लेज, कयाक बाहेर काढून बर्फावर रचायला सुरुवात झाली. ५ तारखेला पहाटे साडेपाचला स्वेरड्रुपने नान्सेनला उठवून सांगितलं की बांध जहाजाला टेकला आहे आणि कठड्याइतका उंच झाला आहे. संध्याकाळपर्यंत बर्फ कठड्यावरून आत डेकवर, वर ताणलेल्या कापडी छपरावर कोसळू लागला. कुत्र्यांच्या घरांत पाणी शिरलं, त्यांना मोकळं करावं लागलं. माणसं कपड्यांनिशी झोपत होती. प्रत्येकाने काय उचलायचं, कुठल्या वाटेने बाहेर पडायचं, हे ठरलेलं होतं आणि कोणी गोंधळ केला नाही. दीड वर्षं रोज ठरल्या वेळी ठरलेलं काम करणाऱ्या माणसांना हे जमलं, यात मला नवल वाटत नाही.

शेवटी जहाज त्या नऊ मीटर बर्फाच्या पकडीतून सुटून वर उचललं गेलं आणि दाब ओसरला. लाकूड शाबूत होतं. पुढचे कित्येक दिवस फावडी आणि कुदळी घेऊन बर्फ उपसण्यात गेले. हान्सेनने ठिकाण काढलं तर ८३ अंश ३४ मिनिटं. ग्रीलीच्या माणसांनी १८८२ मध्ये गाठलेला ८३ अंश २४ मिनिटांचा विक्रम मागे पडला होता.

दोन घड्याळं

तोवर नान्सेनला कळून चुकलं होतं की प्रवाह ध्रुवावरून जाणार नाही. १४ मार्च १८९५ ला, ८४ अंश ४ मिनिटांवरून, तो आणि यालमार योहान्सेन २८ कुत्री, तीन स्लेज आणि दोन कयाक घेऊन ध्रुवाकडे निघाले. जहाज स्वेरड्रुपच्या हवाली. ८ एप्रिलच्या सुमाराला ८६ अंश १३ मिनिटांवर ते परत फिरले. तोवर एवढ्या उत्तरेला कोणी पोचलं नव्हतं.

आणि मग, एप्रिलच्या १२-१३ तारखेच्या सुमाराला, लांबलचक मजलीने थकून दोघेही घड्याळाला किल्ली द्यायला विसरले. दोन्ही घड्याळं थांबली. सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढता येत होता, पण रेखांशाचा पाया गेला. नान्सेनने अंदाजाने वेळ लावून घेतली. तिथून पुढे फ्रान्झ जोसेफ लँडच्या बेटांत शिरल्यावरही आपण नेमके कोणत्या बेटावर आहोत याची त्यांना खात्री करता आली नाही. दगड-कातड्यांच्या झोपडीत त्यांनी सगळा हिवाळा काढला, तोही याच अनिश्चिततेत. १७ जून १८९६ ला केप फ्लोरापाशी फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज अचानक भेटला तेव्हा त्यांना आपला पत्ता लागला.

जहाजावर याच काळात क्रोनोमीटरला रोज किल्ली मिळत होती. अकरा माणसं, तीच न्याहारी, तोच पहारा, दर चार तासांची तीच नोंद. हान्सेन ठिकाण काढत राहिला. नोव्हेंबर १८९५ मध्ये फ्राम ८५ अंश ५५ मिनिटांच्या पुढे गेली, म्हणजे नान्सेनने पायी गाठलेल्या जागेपासून जेमतेम २० मिनिटं कमी, आणि तिथून दक्षिणेला वळली. १८९६ च्या उन्हाळ्यात सुकाणू पुन्हा खाली बसवलं, इंजिन जोडलं, आणि सुरुंग लावून लावून बर्फातून वाट काढली. १३ ऑगस्टला जहाज स्वालबार्डच्या उत्तरेला खुल्या पाण्यात आलं. विजारीवरून मांडलेला अंदाज खरा निघाला होता.

पहिलं जहाज भेटलं ते ट्रोम्सोचं शिकारी गलबत. फ्रामवरून ओरडून विचारलं, नान्सेन परतला का? उत्तर आलं, नाही. जहाजावर सगळे सुन्न झाले. पण त्याच दिवशी, १३ ऑगस्टला, नान्सेन आणि योहान्सेन जॅक्सनच्या जहाजाने नॉर्वेच्या वार्दो बंदरात उतरले होते. स्वेरड्रुपला हे कळलं आठवडाभराने, २० तारखेच्या पहाटे, शेर्व्हॉय गावात तारमास्तरला झोपेतून उठवल्यावर.